प्रभावळ फोटोत बसवताना

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत काढलेला फोटो कटिंगला, म्हणजे माणूस पार्श्वभूमीतून कापून वेगळा करायला, घेतला की पहिला त्रास हिरव्या रंगाचा होतो. पानांमधून गाळून आलेला उजेड नवरदेवाच्या पांढऱ्या कुर्त्यावर, कानाच्या पाळीवर, केसांच्या टोकांवर बसलेला असतो. बागेत उभं असताना तो कुणाला जाणवत नाही, मूळ फोटोतही पटकन दिसत नाही. पण त्याच माणसाला बागेतून उचलून गडद पार्श्वभूमीवर ठेवा आणि मागे केशरी ग्लो, म्हणजे उजेडाचं वलय, द्या, खांद्याभोवती हिरवट रेघ लगेच उठून दिसते. ग्लो बिघडला असं तेव्हा वाटतं. खरं तर ग्लो ठीक असतो, कटिंग कच्चं राहिलेलं असतं.

लग्नसराईतलं एक काम इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडतो. फोटो २४ मेगापिक्सेलचा, उभा, ४००० × ६००० पिक्सेल. नवरदेव कमरेपर्यंत, डोक्याला फेटा, कपाळावर मुंडावळ्या, मागे केळीची रांग, वेळ संध्याकाळी साडेपाचची. मागणी एका वाक्याची होती: "भाऊ, फोटोना मांगे उजेड जोयजे." म्हणजे फोटोच्या मागे उजेड हवा. तो उजेड दोन ठिकाणी छापायचा होता. एक अल्बमच्या कव्हरचं १२ × ३६ इंची शीट, दुसरा गावाच्या फाट्यावर लावायचा १० × ८ फुटी फ्लेक्स. एकाच फाइलमधून ही दोन कामं निघतात, पण दोन्हीकडे ग्लो सारखा ठेवून चालत नाही. का, ते पुढे येईलच.

कामाला हात लावण्याआधी मूळ फाइल मागून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेली फाइल लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आलेली असते, आणि केसांच्या कडेला जेपीईजीचे चौकोनी डाग पडलेले असतात. अशा कडेवर कोणतंही टूल नीट चालत नाही, कारण केस आणि पान यांच्यातला फरकच पुसला गेलेला असतो. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' एवढं सांगितलं तरी पुढचा तासभर वाचतो.

फोटोशॉपमध्ये फाइल उघडून पहिल्यांदा कंट्रोल-जे करून लेयरची (चित्र ज्या एकावर एक थरांनी बनतं त्यातल्या एका थराची) प्रत काढली आणि मूळ लेयरला कुलूप लावलं. मग 'सिलेक्ट सब्जेक्ट'. आताच्या आवृत्त्यांमध्ये हे बटण चेहरा, हात, कुर्ता बऱ्यापैकी पकडतं. पण फेट्याचा तुरा आणि मुंडावळ्या त्याच्या हातात नीट येत नाहीत. म्हणून लगेच 'सिलेक्ट अँड मास्क'मध्ये गेलो. तिथे दृश्य 'ऑन ब्लॅक' ठेवावं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कडा तपासण्याची बऱ्याच जणांना सवय असते, पण आपला ग्लो गडद रंगावर बसणार आहे, मग कडाही गडदावरच तपासायला हवी. केसांच्या कडेने आणि तुऱ्यावरून 'रिफाइन एज ब्रश' फिरवला. चेहऱ्याच्या आणि कुर्त्याच्या कडेवर हा ब्रश कटाक्षाने टाळला, कारण तिथे कडा सरळ असते आणि हा ब्रश ती कुरतडून ठेवतो. खालच्या स्लायडरमध्ये फेदर (कडेचा मऊपणा) ०.५ ते १ पिक्सेल, शिफ्ट एज उणे १५ ते उणे २०. शिफ्ट एज उणे केल्याने कड किंचित आत सरकते आणि पार्श्वभूमीचा पातळ पापुद्रा गळून पडतो. उणे ४०च्या पुढे गेलात तर केस कातरल्यासारखे दिसतात आणि कानाची पाळी बारीक होते.

हिरवटपणासाठी 'डिकन्टॅमिनेट कलर्स' हा पर्याय आहे. कडेवरच्या पिक्सेलचा रंग बदलून त्या जागी आतल्या बाजूचा रंग भरण्याचं काम तो करतो. ५० ते ६० टक्क्यांवर केसांची टोकं स्वच्छ झाली. १०० टक्क्यांवर मात्र कुर्त्याच्या खांद्याला त्वचेचा रंग लागू लागला, म्हणून तिथवर गेलो नाही. हा पर्याय पिक्सेल प्रत्यक्ष बदलतो, त्यामुळे आउटपुट 'न्यू लेयर विथ लेयर मास्क' असाच घ्यावा, म्हणजे चुकलं तर मूळ लेयर शाबूत राहतो. मास्क म्हणजे लेयरवरचा पडदा, त्यात काळं केलेला भाग झाकला जातो. इतकं करूनही कुर्त्यावर उरलेल्या हिरव्या झाकेसाठी ह्यू-सॅच्युरेशनचा लेयर फक्त कटिंगवर क्लिप केला, म्हणजे त्याचा परिणाम कटिंगपुरताच राहील असा जोडला, त्यात ग्रीन्स निवडून सॅच्युरेशन उणे ७० केलं. नवरदेवाच्या कपड्यात हिरवं काही नसेल तरच हे करावं. हिरव्या शालूतल्या नवरीचा फोटो असेल तर हीच कृती मास्क लावून, फक्त कडेच्या पट्टीपुरती करावी लागते. भरदुपारी मांडवाच्या कापडाखाली काढलेल्या फोटोंचं दुखणं हेच, फक्त रंग वेगळा. लाल-पिवळ्या कनातीचा उजेड गालावर उतरलेला असतो.

मुंडावळ्यांवर वेळ द्यावाच लागतो. मोत्यांच्या सरी कपाळापासून सुटून गालाच्या बाजूला लोंबतात आणि सर व गाल यांच्यामध्ये फटी राहतात. त्या फटींत जुनं हिरवं रान तसंच अडकून बसतं. मागे केशरी उजेड आणि सरीच्या फटीत केळीचं पान, हे चित्र फ्लेक्सवर दहा फुटांवरून कळतं. तिथे ऑटोमॅटिक काही नाही. पेन टूलने प्रत्येक फट वेगळी कापली, पाथचं सिलेक्शन करताना फेदर ०.५ ठेवलं आणि मास्कमध्ये काळा रंग भरला. सात-आठ फटी होत्या, वीस मिनिटं गेली. तुऱ्याच्या टोकाचे धागे ब्रशनेही हाती लागत नव्हते. ते सगळे काढून टाकले आणि २ पिक्सेलच्या ब्रशने पाच-सहा धागे नव्याने ओढले. न सुटणाऱ्या गुंत्याशी भांडण्यापेक्षा हे चांगलं दिसतं.

आता पार्श्वभूमी. ग्लोचं निम्मं काम इथे होतं, आणि नेमकं हेच काम लोक वगळतात. फोटोशॉपच्या तयार 'आउटर ग्लो'चा ब्लेंड मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळण्याची रीत, बहुधा स्क्रीन असतो. स्क्रीनचा हिशेब समजून घेतला की सगळं उलगडतं. यात मूळ रंग उजळतो, पण तो जितका आधीच उजळ असेल तितकी वाढ कमी. ० ते २५५ या मोजपट्टीवर पार्श्वभूमी २३० असेल आणि तिच्यावर २०० चा ग्लो पूर्ण अपारदर्शक टाकला तर निकाल साधारण २५० येतो, म्हणजे वाढ फक्त २० ची. तीच पार्श्वभूमी ४० असेल तर निकाल २०९ च्या आसपास, म्हणजे वाढ १६९ ची. आणि शुद्ध पांढऱ्यावर वाढ शून्य. पांढऱ्या भिंतीसमोरच्या फोटोला ग्लो देऊन 'काहीच दिसत नाही' म्हणत साइज आणि ओपॅसिटी वाढवत बसणाऱ्यांची अडचण हीच असते. छपाईत हे आणखी कडक होतं. कागद किंवा फ्लेक्स स्वतः जितका पांढरा आहे त्याहून उजळ काहीही छापता येत नाही. उजेड वाढवायला जागाच नसेल, तर भोवतालचं खाली आणावं लागतं.

म्हणून पार्श्वभूमीवर कर्व्ह्ज लेयर टाकून केळीची रांग ३० ते ७० च्या पातळीत आणली. त्याआधी ती धूसरही करायची होती, आणि इथे एक फसवी जागा आहे. मागच्या लेयरमध्ये नवरदेव अजून उभाच असतो. तो लेयर थेट ब्लर केला की त्याच्या पांढऱ्या कुर्त्याचा रंग बाहेर पसरतो आणि कटिंगभोवती मळकट पांढरं वलय उमटतं. काही जणांना तोच ग्लो वाटतो. पण त्याचा रंग आपल्या हातात नसतो, कुर्त्याजवळ तो पांढरा असतो आणि केसांजवळ काळा. उपाय असा: कटिंगच्या मास्कवर कंट्रोल-क्लिक करून सिलेक्शन घ्या, 'सिलेक्ट, मॉडिफाय, एक्स्पांड'मध्ये १५ पिक्सेल वाढवा, मागच्या लेयरवर 'फिल'मध्ये 'कंटेंट-अवेअर' निवडा. नवरदेवाच्या जागी पानांचं ओबडधोबड ठिगळ येतं. ते पुढे झाकलं जाणारच आहे, त्यामुळे सुबक नसलं तरी चालतं. मग गॉशियन ब्लर ३० पिक्सेल दिला.

आता ग्लो. सोपी वाट म्हणजे कटिंगच्या लेयरवर डबल-क्लिक करून 'आउटर ग्लो'. ब्लेंड मोड स्क्रीन, ओपॅसिटी ६०, नॉइज ०, टेक्निक 'सॉफ्टर', स्प्रेड ५ ते ८, साइज १८०, रेंज ५०, कॉन्टूर सरळ रेषेचा. स्प्रेड म्हणजे फिका व्हायला लागण्याआधी रंग किती अंतरापर्यंत ठासून भरायचा ते. तो २५-३० वर नेला की माणूस स्टिकरसारखा दिसतो, कात्रीने कापून चिकटवलेला. बॅनरवरच्या बहुतेक वाईट ग्लोंमध्ये स्प्रेड जास्त असतो. साइजची कमाल मर्यादा २५० पिक्सेल आहे. मोबाइलवर टाकायच्या चित्राला ती भरपूर झाली, पण ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) शीटवर २५० पिक्सेल म्हणजे जेमतेम ०.८ इंच. कव्हरवर बारा इंच उंचीच्या माणसाभोवती पाऊण इंचाचा उजेड हा किनारीसारखा दिसतो, उजेड वाटत नाही.

आणखी एक अडचण लेयर स्टाइलची. फ्री ट्रान्सफॉर्मने लेयर लहान-मोठा केला की माणूस बदलतो, ग्लोचा आकडा तसाच राहतो. फ्लेक्ससाठी १० × ८ फूट ७२ डीपीआयने घेतले तर फाइल ८६४० × ६९१२ पिक्सेलची होते आणि आपला नवरदेव जवळजवळ मूळ आकारातच बसतो. कव्हरचं शीट ३०० डीपीआयने १०८०० × ३६०० पिक्सेलचं, म्हणजे तिथे तो साधारण ६५ टक्क्यांवर आणावा लागतो. ग्लो मात्र १८० चा १८० च. तो ११७ व्हायला हवा होता. 'लेयर स्टाइल' मेनूतल्या 'स्केल इफेक्ट्स'मध्ये ६५ टाकलं की बरोबर होतं, पण हे विसरून एका ठिकाणची फाइल दुसरीकडे ओढून नेली की जाड ग्लो छापून येतो आणि कारण लक्षात येत नाही.

म्हणून छपाईच्या कामाला आम्ही ग्लो हाताने, तीन थरांत बनवतो. देव्हाऱ्यातल्या दिव्याच्या ज्योतीकडे बघितलं तर वातीजवळ जवळजवळ पांढरं, मग पिवळं-केशरी, आणि बाहेर अंधारात विरत जाणारी तांबूस झाक दिसते. एकाच रंगाचा एकच थर देऊन हे कधीच येत नाही. मापांसाठी चेहऱ्याची रुंदी धरावी. पिक्सेलचे आकडे पाठ करून उपयोग नसतो, कारण पुढचा फोटो वेगळ्या आकाराचा येणार. या फोटोत चेहरा ९०० पिक्सेल रुंद होता.

जवळचा थर: कटिंगचं सिलेक्शन घेतलं, १० पिक्सेल एक्स्पांड केलं, कटिंगच्या खाली नवा लेयर करून त्यात फिकट पिवळसर रंग (२५५, २४४, २१४) भरला, सिलेक्शन सोडलं आणि ४५ पिक्सेल गॉशियन ब्लर दिला. म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीचा विसावा भाग. मोड स्क्रीन, ओपॅसिटी ७०. सिलेक्शन सोडायचं विसरलात तर ब्लर आतल्या आत होतो आणि कडा धारदारच राहते. नवशिक्यांचा 'ब्लर चालतच नाही' हा प्रश्न बहुतेक वेळा इथेच सुटतो.

मधला थर: तशाच रीतीने, रंग (२५५, १९०, ९०), ब्लर १८० पिक्सेल, म्हणजे चेहऱ्याचा पाचवा भाग, ओपॅसिटी ५५. हा पहिल्या थराच्या खाली. ब्लर लावण्याआधी लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट केला तर आकडा नंतर कधीही बदलता येतो, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्याचा फार उपयोग होतो. तिन्ही थर आणि माणूस मिळून मात्र एकच स्मार्ट ऑब्जेक्ट करू नये. आतल्या लेयरांचा स्क्रीन मोड मग बाहेरच्या पार्श्वभूमीपर्यंत पोहोचत नाही आणि ग्लो दुधाळ, नुसता रंग फासल्यासारखा दिसतो.

बाहेरचा थर: यासाठी ब्लर नको. इतक्या दूरवर उजेडाला माणसाच्या आकाराशी देणंघेणं उरत नाही. रेडियल ग्रेडियंट घेतला, (२००, ९०, ३०) पासून पारदर्शकापर्यंत, केंद्र मानेमागे, त्रिज्या चेहऱ्याच्या अडीचपट. ओपॅसिटी ४०. संध्याकाळचा सूर्य फोटोत डावीकडे होता, गालावरच्या सावल्या तेच सांगत होत्या. म्हणून ग्रेडियंटचं केंद्र ३०० पिक्सेल डावीकडे आणि थोडं वर सरकवलं. चारही बाजूंनी एकसारख्या जाडीचा ग्लो हाच फोटो खोटा ठरवतो. मधल्या थराला ग्रेडियंट मास्क लावून कोपरांच्या खाली त्याचा जोर साधारण ४० टक्क्यांनी उतरवला. भरदुपारी डोक्यावरच्या उन्हात काढलेला फोटो असेल, नाकाची सावली हनुवटीपर्यंत आली असेल, तर असा मागचा उजेड पटतच नाही. तिथे ग्लो फक्त डोक्याच्या वर आणि खांद्यांवर, तोही पांढरट ठेवावा.

अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटरवर. तिथल्या भित्तिचित्रांत बुद्धाच्या मस्तकामागे प्रभावळ आहे, सपाट तबकडीसारखी. ती खूण आहे, हा सामान्य माणूस नव्हे असं सांगणारी. चित्रात ती शोभते, कारण सगळं चित्रच रेषांनी सांगितलेलं आहे. फोटो पाहणाऱ्याचा डोळा मात्र त्यात खऱ्या उजेडाची अपेक्षा करतो. प्रभावळ उजेडाची असेल तर तिने समोरच्या माणसालाही स्पर्श करायला हवा.

ग्लो दिल्यानंतरचं सगळ्यांत महत्त्वाचं काम म्हणूनच माणसाच्या अंगावर होतं. चाळीसगावचे केकी मूस टेबलटॉप छायाचित्रणासाठी ओळखले जातात. टेबलावर वस्तू मांडून ते देखावे उभे करत. तशा कामात दिवा खरोखर कुठेतरी ठेवावा लागतो, आणि त्याचा उजेड कशाकशावर पडतो ते डोळ्यांनी दिसतं. संगणकावर दिवाच नाही. मागे एवढा उजेड असता तर तो कुठे कुठे लागला असता, याचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो. केसांची टोकं, कानाची कड, फेट्याचा काठ, खांद्याची वरची रेघ, मुंडावळ्यांचा प्रत्येक मोती: या जागा उजळायला हव्यात. नाकाचा शेंडा, छाती, कपाळाचा मध्य यांना तो लागत नाही.

कटिंगच्या वर नवा लेयर घेऊन कंट्रोल-ऑल्ट-जी ने तो कटिंगवर क्लिप केला. मोड 'लिनियर डॉज'. रंग मधल्या थराचाच. मऊ ब्रश ७० पिक्सेल, फ्लो ८ टक्के. ब्रशचा मध्य कटिंगच्या बाहेर ठेवून फक्त त्याची मऊ कड आत येईल असा कडेने फिरवला. क्लिप असल्यामुळे बाहेर काही सांडत नाही. डाव्या खांद्यावर तीन-चार हात, उजव्यावर एकच. कानाच्या पाळीला थोडा तांबूस रंग जास्त दिला, कारण मागून उजेड आला की पाळी खरोखरच लालसर पारदर्शक दिसते. 'इनर ग्लो' या स्टाइलने हे एका क्लिकमध्ये होतं, पण ते सगळ्या कडेला सारखंच होतं, बगलेतसुद्धा, आणि बगलेतला उजेड विचित्र दिसतो. घाई असेल तर इनर ग्लो साइज २०, ओपॅसिटी २५ देऊन, 'लेयर स्टाइल' मेनूतल्या 'क्रिएट लेयर'ने तो वेगळा करून नको तिथला पुसावा.

शेवटी चेहरा कर्व्ह्जने अगदी थोडा, ५ ते ८ टक्के, खाली उतरवला. मागे उजेड असलेला चेहरा समोरून तितका उजळ नसतो. गिऱ्हाइकाला गोरा चेहरा हवा असतो हे खरं, पण इतकी घट डोळ्याला जाणवत नाही, नुसतं चित्र एकजीव होतं. रंगाचंही तसंच. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यामागे गडद निळा ग्लो मागणारे बरेच असतात. त्याने चेहरा राखट दिसतो. निळा हवाच असेल तर कडेच्या उजेडात निळा आणि चेहऱ्यावर थोडा उबदार फोटो फिल्टर, असं दोन्ही सांभाळावं लागतं.

कमरेपाशी कापलेल्या फोटोत खालची कडा सरळ असते. ती कॅनव्हासच्या काठाला टेकलेली असेल तर प्रश्न नाही. पण डिझाइनमध्ये तिथे नावाची पट्टी येते, माणूस वर सरकवला जातो, आणि कमरेखालून ग्लो डोकावतो, जणू माणूस उजेडावर तरंगतो आहे. हाताने केलेल्या थरांना मास्कमध्ये खालून काळा ग्रेडियंट द्यावा. लेयर स्टाइल वापरली असेल तर नुसता मास्क पुरत नाही, कारण ग्लो मास्कच्या नव्या कडेभोवतीही उमटतो. 'ब्लेंडिंग ऑप्शन्स'मध्ये 'लेयर मास्क हाइड्स इफेक्ट्स'वर खूण करून मगच मास्क रंगवावा.

आता पट्टे. बाहेरच्या थराचा उजेड समजा ६० च्या पातळीपासून २० पर्यंत, ६०० पिक्सेलमध्ये उतरतो. ८ बिटच्या फाइलमध्ये या दोन आकड्यांमध्ये फक्त ४० पायऱ्या आहेत, म्हणजे एक पायरी १५ पिक्सेलची. ७२ डीपीआयच्या फ्लेक्सवर १५ पिक्सेल म्हणजे साधारण ५ मिलिमीटर. उजेड विरत जाण्याऐवजी कांद्याच्या पाकळ्यांसारखी वलयं दिसतात. स्क्रीनवर लहान करून पाहिलं की ती लपतात, छापून आल्यावर दिसतात. फाइल सुरुवातीलाच १६ बिट केली तर काम करताना पट्टे वाढत नाहीत, पण जेपीईजी ८ बिटचीच निघते, त्यामुळे खरा उपाय दाणा हाच. सगळ्यांत वर एक लेयर ५० टक्के ग्रेने भरला, मोड ओव्हरले, त्यावर 'अ‍ॅड नॉइज' ३ टक्के, गॉशियन, मोनोक्रोमॅटिक. चेहऱ्यावरून मास्कने काढून टाकला. पायऱ्यांच्या कडा या दाण्याने मोडतात आणि उतार सलग वाटतो. सेव्ह करताना क्वालिटी (१२ पैकी) १० च्या खाली नेऊ नये. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबते, आणि सौम्य उतारावर ते चौकोन सगळ्यांत आधी उघडे पडतात.

छपाईला देताना लेयर एकत्र करून मगच सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) करायचं. मोड बदलताना फोटोशॉप लेयर मर्ज करायचे का असं विचारतं. तिथे 'नको' म्हटलं तर स्क्रीन आणि लिनियर डॉज यांचा हिशेब नव्या रंगपद्धतीत वेगळा होतो आणि ग्लो मळतो. केशरी-पिवळा ग्लो छपाईत बऱ्यापैकी टिकतो. चमकता निळा, पोपटी, गडद गुलाबी हे मात्र शाईत बसतच नाहीत. छापून रंग कसे येतील ते कंट्रोल-वाय ने आधीच बघून घ्यावं आणि गिऱ्हाइकालाही तेच दाखवावं. अल्बमच्या लॅबला मात्र बहुधा आरजीबी (स्क्रीनच्या रंगपद्धतीतली) जेपीईजीच लागते, तिथे सीएमवायके फाइल पाठवू नये.

फ्लेक्सची गोष्ट वेगळी कशी, ते असं. अल्बम माणूस घरात, हातभर अंतरावरून पाहतो. फाट्यावरचा बॅनर मे महिन्याच्या उन्हात, धुळीतून, मोटारसायकलवरून दिसतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जाण्याचे ते दिवस. तेवढ्या प्रखर उन्हात छापलेला काळा रंगही राखाडी भासतो आणि ग्लोचा बाहेरचा, हळुवार भाग पार हरवतो. म्हणून फ्लेक्सच्या फाइलमध्ये पार्श्वभूमी आणखी २० पातळ्यांनी उतरवली, मधला थर ५५ वरून ७५ वर नेला आणि त्याचा ब्लर १८० वरून २५० केला. स्क्रीनवर ते भडक वाटलं, फाट्यावर बरोबर दिसलं. अल्बमच्या फाइलमध्ये उलट जवळच्या थराची ओपॅसिटी ७० वरून ५० वर आणली. पूर्ण फ्लेक्स काढण्याआधी चेहरा आणि एका बाजूचा ग्लो येईल अशी फूटभर रुंद पट्टी छापून ती बाहेर उन्हात नेऊन पाहावी. आणि नावाची पिवळी अक्षरं पिवळ्या ग्लोवर टाकू नयेत. ग्लो जिथे विरतो तिथूनच अक्षरं सुरू करावीत.

बॅनरचं सगळं काम कोरलड्रॉमध्ये करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथल्या ड्रॉप शॅडो टूलच्या प्रीसेटमध्ये स्मॉल, मीडियम आणि लार्ज ग्लो आहेत. पण चित्र जेपीईजी असेल तर ग्लो माणसाभोवती न येता चौकटीभोवती येतो. कटिंग केलेली पीएनजी किंवा पीएसडी आणावी. फुकटच्या गिंपमध्ये 'ड्रॉप शॅडो' घेऊन एक्स आणि वाय दोन्ही शून्य करावेत, रंग काळ्याऐवजी पिवळसर, ब्लर हवा तेवढा. त्याआधी 'लेयर टू इमेज साइज' करून घ्यावं, नाहीतर ग्लो लेयरच्या काठावर सरळ कापला जाण्याची भीती असते. मोबाइलवरच्या स्नॅपसीडमधला 'ग्लॅमर ग्लो' हे वेगळं प्रकरण आहे. तो सगळ्या चित्रावर मऊपणा पसरवतो, माणसाभोवती वलय देत नाही.

देवाचे फोटो आले की यातलं बरंच उलटं करावं लागतं. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाच्या वेळी असे फोटो भरपूर येतात. नारळाच्या रूपात मांडलेली कानबाई, नथ, दागिने, भोवती फुलं आणि समया. तिथे आधीच खरा उजेड असतो आणि दागिन्यांवर त्याचे ठिपके चमकत असतात. अशा फोटोत आकृतीभोवती जाड वलय दिलं तर समयांचा खरा उजेड मरतो. आम्ही तिथे 'सिलेक्ट'मधल्या 'कलर रेंज'मध्ये हायलाइट्स निवडतो, तेवढंच कंट्रोल-जे करून वेगळ्या लेयरवर घेतो, २० पिक्सेल ब्लर, मोड स्क्रीन, ओपॅसिटी ४०. चमकणाऱ्या प्रत्येक ठिपक्याभोवती बारीक झळाळी येते. पांढरी फुलंही हायलाइट्समध्ये निवडली जातात आणि उगाच पेटल्यासारखी दिसतात, तेवढी मास्कमध्ये काळ्या ब्रशने काढून टाकतो. समईच्या ज्योतीपाशी बाहेरच्या थरासारखा एक छोटा ग्रेडियंट देतो. नथीच्या मोत्याजवळ ओपॅसिटी आणखी १० ने कमी ठेवतो, म्हणजे मोती उजळला तरी त्याचा गोलपणा राहतो.